सामानापाशी बसलेली बाई

आमच्या कुटुंबात कुठं जायचं निघालं की आधी जागेवरून वाद होतो, मग तारखेवरून. एका गोष्टीवरून मात्र कधीच होत नाही. सामानापाशी ताई बसणार. ताई म्हणजे मी. लहानपणापासून घरात मला ताई म्हणतात, माझा थोरला भाऊसुद्धा. मी लग्न केलं नाही, मागं मूलबाळ नाही, म्हणून मी मोकळी, आणि मोकळ्या माणसाच्या मांडीवर बाकीच्यांनी आपापली ओझी ठेवायची, असा आमच्याकडचा न्याय आहे. तुळजापूरला सगळे दर्शनाच्या रांगेत, मी चपलांपाशी. बासरला सरस्वतीपुढं पुतण्याचं अक्षर गिरवणं झालं, मी डब्यांपाशी. चुलत बहिणीच्या लग्नात आहेराच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती आणि अक्षता पडल्या ते मला बँड वाजल्यावर कळलं. देवी मी आजवर धड पाहिलेली नाही. देवीकडं गेलेल्यांच्या चपला मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत.

त्यामुळं थायलंडचं ठरलं तेव्हा मला फार आनंद झाला असं कुणी समजू नये. ठरलं ते हैदराबादला, हिमायतनगरातल्या दादाच्या दिवाणखान्यात. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मभर फौजदारी वकिली केलेला. शिवाय वहिनी, त्यांचा मुलगा, सून, आणि सुनेचे आईवडील. हे व्याही-व्याहीण तेलुगू, अतिशय सभ्य आणि अतिशय भित्रे. व्याही उड्डाणपुलावर गाडी चढली की डोळे मिटून घेतात. आणि या मंडळींना हवं होतं साहस.

"आत्या, बीच प्लस ॲडव्हेंचर पॅकेज आहे," पुतण्या म्हणाला. "पॅरासेलिंग, बनाना बोट, स्नॉर्केलिंग, सगळं इन्क्लूडेड. तू एन्जॉय करशील बघ."

पुतण्या कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, आणि याबद्दल त्याला काडीची खंत नाही. बाकी यादीतलं मी काही ऐकलं नाही. मी एकच शब्द ऐकला. स्नॉर्केलिंग. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, आणि समुद्रात डोकं घालून खाली बघायचं.

याचं कारण सांगायला पाहिजे. मी विद्यानगरच्या एका कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात समुद्र होता. काचेच्या बरण्यांत, फॉर्मालिनमध्ये. तारामासा, समुद्रकाकडी, प्रवाळाचे तुकडे, एक अष्टपाद. माझ्या आधीच्या बाईंच्याही आधी कुणीतरी आणून ठेवलेले. सगळ्यांचा रंग एकच, शिळ्या ताकासारखा. दर वर्षी मी त्या बरण्या टेबलावर मांडायची आणि मुलींना सांगायची, हा प्राणी गडद लाल असतो, हा निळा असतो, हा असा सरकतो. मुली लिहून घ्यायच्या. मी स्वतः त्यातला एकही जिवंत पाहिलेला नव्हता. हैदराबादला समुद्र नाही. आहे तो हुसेनसागर, आणि त्याला सागर म्हणणाऱ्याचं धाडस मला मान्य आहे. निवृत्तीच्या दिवशी मला शाल दिली, हार घातला, भाषणं झाली. मी घरी येऊन विचार केला की आपण आयुष्यभर मढी शिकवली. वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं.

म्हणून मी पोहायला शिकले. थायलंडचं नावही निघालं नव्हतं तेव्हा. सकाळच्या लेडीज बॅचला जायची. शिकवणारी बाई नाकीडोळी करडी आणि जिभेनं त्याहून. मी पाण्यात उतरले की काठाचा दांडा घट्ट धरून बसायची. ती वरून ओरडायची, "आंटी, पानी कू पकडो नक्को. छोड देव. उनोच उठाता तुमकू." पाणीच उचलतं म्हणे. सोडणं मला जमेना. कसं जमावं, मला आयुष्यभर धरायलाच बसवलेलं. पण जमलं. हिवाळा संपेपर्यंत मी न थांबता तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जायला लागले. घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "बरंय, गुडघ्यांना चांगलं असतं." वहिनी म्हणाल्या, "वन्सं, केस जपा." विषय संपला. कोठीच्या बाजारातल्या दुकानातून मी पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा काळा पोहण्याचा पोशाख आणला. दुकानदारानं विचारलं, "पोती के वास्ते?" मी म्हटलं, हौ, आणि माझ्या मापाचा घेऊन आले.

बैठकीत मी दादाला स्पष्ट सांगितलं. "मला बाकी काही नको. मला समुद्राखालचं प्रवाळ बघायचंय. त्या वेळी मी सामानापाशी बसणार नाही."

दादानं कोर्टात देत असेल तसं आश्वासन दिलं. "प्रश्नच नाही. मुद्दा असा आहे ताई, की ही ट्रिप तुझीसुद्धा आहे."

या वाक्यातला "सुद्धा" मी तेव्हाच ऐकायला हवा होता.

थायलंडबद्दल मी फार सांगणार नाही, कारण आम्ही थायलंड फार पाहिलंच नाही. आम्ही एकमेकांना पाहिलं, निराळ्या उजेडात. दादा गुडघ्यापर्यंतच्या फुलाफुलांच्या चड्डीत, ज्यात त्याच्या हाताखालच्या वकिलांनी त्याला पाहिलं असतं तर बिचाऱ्यांनी वकिली सोडली असती. वहिनींनी एक अख्खी पिशवी चटण्यांच्या पाकिटांनी भरून आणली होती, तिकडं काय मिळेल कुणास ठाऊक म्हणून, आणि तिकडं रोज मिळालं पनीर. व्याही जिथं तिथं फळीवरची सूचना वाचत उभे. व्याहीण अंगावरचं सोनं काढायला तयार नाहीत आणि घालून पाण्यात जायला तयार नाहीत.

पहिल्या दिवशी पॅरासेलिंग. छत्रीला माणूस बांधतात, छत्री होडीला बांधतात, होडी पळते, माणूस वर जातो. एक गोल फेरी मारून परत वाळूत. यात त्या माणसाला स्वतः काहीही करायचं नसतं, लटकायचं असतं. पुतण्या लटकून आला आणि दोन्ही हात वर करून असा उभा राहिला की जणू किल्ला सर केला. सून लटकून आली. व्याह्यांना पट्टे बांधून झाले तेव्हा त्यांना आपला रक्तदाब आठवला. पट्टे सोडले. दादा वाळूवर उभ्या करून ठेवलेल्या, बंद पडलेल्या पाण्याच्या स्कूटरवर बसला आणि केस उडताहेत असा चेहरा करून त्यानं फोटो काढून घेतला. तो फोटो आता त्याच्या वकील मित्रांच्या ग्रुपवर आहे आणि खाली पुष्कळ टाळ्या आहेत.

मी वाळूतल्या छत्रीखाली, सात माणसांच्या चपला, टॉवेल, फोन, पासपोर्टांची पिशवी आणि व्याहीणबाईंनी अखेर काढून दिलेल्या बांगड्या घेऊन बसले होते. शेजारीच भाड्याचे लॉकर होते, रांगेनं, किल्ल्या लावलेले. मी दाखवले. दादा म्हणाला, "दुसरी किल्ली त्यांच्याकडंच असते. चोरीच्या किती केसेस चालवल्यात मी. आपलं माणूस बसलेलं बरं." आपलं माणूस बसलं.

दुसऱ्या दिवशी होडीनं प्रवाळाच्या जागी गेलो. माझा पोशाख साडीखाली मी सकाळीच घातला होता. होडी भर समुद्रात हलायला लागली आणि आमचे साहसी लोक एकेक करून आडवे झाले. दादा डोळे मिटून, वहिनी दादाच्या खांद्यावर, व्याही तोंडात लवंग धरून. व्याहीणबाईंना उलट्या सुरू झाल्या. त्यांनी माझा हात असा धरला की माझ्या हातात काचेच्या बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. "वदिना, मला सोडू नका हो," एवढंच म्हणत होत्या, निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. वदिना म्हणजे वहिनी, त्या मला तसंच म्हणतात. होडी थांबली. लोक नळ्या लावून पाण्यात उतरले. पुतण्या आणि सूनही उतरले. पाणी इतकं निवळ होतं की वरूनही खाली काहीतरी हलताना दिसत होतं, तपकिरी, हिरवं. मी कठड्याशी बसून बघत होते, एका हाताला व्याहीण, दुसऱ्या हातात उलटीची पिशवी. मला रडू येत होतं आणि त्या बाईचा रागही करता येत नव्हता, हे सगळ्यात वाईट.

पुतण्या वर आला. मी विचारलं, "काय काय दिसलं?"

"अमेझिंग, आत्या. फिश."

"कुठले?"

"कलरफुल."

"आणि प्रवाळ? मेंदूसारखं गोल असतं ते? शिंपले? काकडीसारखा एक प्राणी असतो, तळाशी..."

"आत्या, व्हिडिओ आहे ना."

व्हिडिओ मी पाहिला. त्यात पुतण्याचा अंगठा आहे, पुतण्याचे दात आहेत, आणि शेवटी एक शेपटी. कॉलेजात अशा मुलाला मी तोंडी परीक्षेत बाहेर काढलं असतं.

परतताना दादाला तरतरी आली. तो म्हणाला, "ताई, काल-आज तुझं राहूनच गेलं. उद्याचा दिवस तुझा."

उद्याचा दिवस शेवटचा होता. हॉटेलच्याच किनाऱ्यावर काढायचा होता. सकाळी मी हॉटेलातल्या बाईला विचारलं तेव्हा तिनं हातानं दाखवलं की उजवीकडच्या खडकांपलीकडं, दोरीला बांधलेले तरंगते डबे आहेत तिथवर, उथळ पाण्यातच प्रवाळ सुरू होतं. नळी आणि काच तिनंच भाड्यानं दिली. मी आनंदानं छत्रीपाशी आले तर तिथं सगळे उभे, अंगात नारिंगी जाकिटं. केळ्याच्या आकाराची एक लांब फुगवलेली होडी असते, तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि दुसऱ्या होडीनं तिला ओढत न्यायचं. तिच्यावरून सगळे निघाले होते. व्याहीणसुद्धा. रात्रीत त्यांना कुणी काय पाजलं देव जाणे.

"बस, एक राऊंड," दादा म्हणाला. "आलोच. मग तू जा."

होडीवाल्यानं डोळ्यांकडं बोट दाखवून खूण केली, चष्मे काढा. आणि मग माझ्या आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं ते झालं. आमच्या घरातल्या चारही वडीलधाऱ्यांनी एका मागोमाग एक आपापले डोळे काढून माझ्या ओंजळीत ठेवले. दादाचा चष्मा तर बाटलीच्या बुडाएवढा जाड. त्याच्यावाचून त्याला ताटातली कोशिंबीर दिसत नाही. "सांभाळ हां," तो माझ्या खांद्याच्या दिशेनं म्हणाला आणि वहिनींचा हात धरून पाण्याकडं गेला. चौघं एकमेकांना धरून चालत होते.

मी ते चार चष्मे हातात घेऊन उभी राहिले. एक राऊंड म्हणजे काय, मला माहीत होतं. एक राऊंड झाला की फोटो, फोटो झाला की पुन्हा एक, मग भूक, मग जेवण, मग विमानतळ. आणि घरी गेल्यावर दादा म्हणणार, अरे, ताईचं राहूनच गेलं. डोक्यात एकदम संताप चढला. मी चष्मे रुमालात गुंडाळून पिशवीत घातले. पिशव्या उचलल्या, सगळ्या, दोन खेपांत. लॉकर इथंही होतेच, एकात कोंबल्या. साडी सोडून तीही आत टाकली, कुलूप लावलं, किल्लीचं रबर मनगटात अडकवलं. काळा पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना काच, तोंडात नळी. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच, मी फक्त चालत जाऊन पाण्यात उतरले.

मी आता शिकवत नाही, तेव्हा वर्णन करायची मला सक्ती नाही. पण समुद्रकाकडीबद्दल सांगते, कारण ती सुंदर नसते. काळी, जाडजूड, तळाच्या वाळूवर पडलेली. माझ्या बरणीतली आखडून बोटाएवढी झालेली होती. ही माझ्या हातभर लांब होती आणि तोंडाशी वाळू ओढत होती, सावकाश, कुणाच्या बापाची घाई नाही. मी म्हटलं, बाई, तू अशी असतेस होय. पोपटासारखे मासे प्रवाळाला चावत होते आणि तो चावा पाण्यात ऐकू येत होता, कुरकुर, कुरकुर. हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. एक मोठा शिंपला उघडा पडला होता, ओठ निळे, गर्द निळे. दादाच्या घरी असल्याच शिंपल्याचं अर्धं कवच आहे, त्यात पाहुणे सुपारीची साल टाकतात. माझी सावली त्याच्यावर पडली आणि तो मिटला. मी बाजूला सरले, हात सैल सोडून तरंगत वाट बघितली. पाणी मला धरून होतं. थोड्या वेळानं तो पुन्हा उघडला. मी काचेच्या आत रडले. काचेच्या आत रडलं की समोरचं दिसेनासं होतं, म्हणून मग रडणं थांबवलं.

बऱ्याच वेळानं खडकांना वळसा घालून मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, दम खायला. तेव्हा किनाऱ्यावर आमची मंडळी दिसली. नारिंगी जाकिटं घातलेले चौघं रिकाम्या छत्रीभोवती उभे होते. पुतण्या आणि सून दिसत नव्हते, ते पुन्हा होडीवर गेले असणार. चौघंही समुद्राकडं, हॉटेलकडं, आकाशाकडं बघत होते, आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. वहिनी एका परक्या बाईच्या पिशवीला हात लावून बघत होत्या. ती बाई काहीतरी बोलली. वहिनींनी हात मागं घेतला.

मग दादा एकटा पाण्यात आला. पावलं चाचपत, डोळे बारीक करून, थेट माझ्याकडं. पाण्यात एक काळी आकृती उभी आहे एवढं त्याला दिसलं असावं. तो चार हातांवर थांबला. मला वाटलं, आता रागावणार. खरं सांगते, तो काळजीनं आलाय असंही वाटलं, आणि मला थोडं बरं वाटलं.

"एक्स्क्यूज मी, मॅडम," तो म्हणाला.

माझ्या तोंडात नळी होती.

"हॅव यू सीन वन लेडी? इंडियन लेडी?"

मी हात उलटा करून खूण केली, कशी? कुठली?

इथं हे सांगायला हवं की ओळख पटवण्याच्या साक्षी उलटवण्यात माझ्या भावाचं सगळ्या शहरात नाव होतं. साक्षीदार म्हणायचा, याच माणसाला मी पाहिलं. दादा विचारायचा, उंची किती? चाल कशी? डावरा की उजवा? अंगावर खूण कुठली? माणूस रोजचा ओळखीचा म्हणता आणि त्याच्याबद्दल चार गोष्टी सांगता येत नाहीत? साक्षीदाराला घाम फुटायचा. हे किस्से मी त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकले आहेत. आणि माझ्या हनुवटीखाली लहानपणापासून एक व्रण आहे, त्यानंच झोपाळा जोरात सोडल्याचा.

दादा विचार करायला लागला. लाटा त्याच्या मांड्यांना लागत होत्या. त्यानं एक हात हवेत उचलला, माझी उंची दाखवायला, आणि कुठं थांबवावा ते न कळून खाली घेतला.

"सिंपल लेडी," तो म्हणाला. "सिटिंग." मग त्याला सापडलं. चेहरा उजळला. "विथ बॅग्ज. मेनी बॅग्ज."

मी किनाऱ्याकडं बघितलं, नीट शोधल्यासारखं. मग मान हलवली. नाही पाहिली.

"थँक यू, मॅडम," तो अदबीनं म्हणाला. जन्मात पहिल्यांदा. आणि वळून चाचपत परत गेला. मी पुन्हा पाण्यात डोकं घातलं.

नंतर मी बाहेर आले, कपडे बदलले, ओल्या केसांनी छत्रीपाशी गेले आणि ज्याचा त्याचा चष्मा ज्याच्या त्याच्या हातात दिला. डोळे परत आल्यावर सगळ्यांना तोंडंही आली. कुठं गेली होतीस, फोन कुठंय, पासपोर्ट कुठंयत. मी म्हटलं, पासपोर्ट लॉकरमध्ये, मी पाण्यात. वहिनी म्हणाल्या, "पाय ओले करून आलात होय." दादानं लॉकरच्या दुसऱ्या किल्लीवर विमानतळापर्यंत भाषण दिलं.

आता हैदराबादला परत येऊन बरेच महिने झाले. दादाकडं कुणी आलं की थायलंड निघतं. पॅरासेलिंगचं सांगून होतं, केळ्याच्या होडीचं होतं, आणि मग तो एका परदेशी बाईबद्दल सांगतो. "समुद्रात भेटली. आपल्या ताईच्याच वयाची असेल. पण काय तब्येत. काय ऐट. एकटी आत जाऊन येत होती, अशी ताठ उभी पाण्यात." तो स्वतः ताठ बसून दाखवतो. "मी विचारलं, तर शांतपणे नाही म्हणाली, आणि गेली परत पोहत. आपल्या बायकांना जमेल का हे?"

पाहुणे म्हणतात, नाही हो. आणि दादा बोलता बोलता, न बघता, चहाचा रिकामा कप माझ्या दिशेनं पुढं करतो. मी तो घेत नाही. कप बराच वेळ त्याच्या हातात तसाच राहतो.